फाईल म्हणजे कानस!

"मराठी शाळेत घालून काय पोराला गवंडी करायचाय?" हे वाक्य बोलणारे लोक परके नाहीत. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीत ते आमच्या पुढे असतात, सभेत पहिल्या रांगेत बसतात आणि जूनमध्ये पोराचा हात धरून इंग्रजी शाळेच्या दारात उभे राहतात. त्यांना आमचा साधा प्रश्न आहे. एवढी फी भरून तुम्ही जी इंग्रजी विकत आणता, ती नेमकी कुठली इंग्रजी?

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. डेबिट, क्रेडिट, हायपोथिकेशन हे आमचे शब्द. त्या शब्दांवर आमची चूल पेटते, त्यामुळे इंग्रजीशी आमचे वैर नाही. पण ही सगळी ऑफिसची इंग्रजी झाली. रजेचा अर्ज, विनंतीपत्र, 'काइंडली डू द नीडफुल' एवढ्यावर तिची हद्द संपते. खुर्चीवरून उठून उद्यमबागेतल्या एखाद्या शेडमध्ये पाऊल टाकले की आमचे सगळे शब्द मुके होतात. तिथली इंग्रजी निराळी आहे, आणि ती येते कुणाला? मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या टर्नरला!

इंग्रजी शाळेतल्या दहावीच्या हुशार मुलाला विचारून पाहा. प्लेन म्हटले की तो आकाशाकडे बघेल. सुताराच्या हातातला रंधा त्याला दिसणार नाही. फाईल म्हटले की कागदांची पुठ्ठ्याची फाईल, कानस नाही. टॅप म्हणजे पाण्याचा नळ आणि डाय म्हणजे मरणे! भोकाला आतून आटे पाडतो तो टॅप आणि सळईला बाहेरून आटे पाडते ती डाय, हे त्याच्या कुठल्याच पुस्तकात आलेले नाही. व्हाइस म्हणजे त्याच्या लेखी व्हाइस प्रेसिडेंट. शेगडा त्याने पाहिलेलाच नाही. ओळंब्याला, पटाशीला, वाकसाला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याला ठाऊक नाही, आणि हे मराठी शब्द तर घरातूनही गेले. म्हणजे दोन्हीकडून हात रिकामे.

मागे एक टर्नर लेथ मशीनच्या कर्जासाठी आमच्या काउंटरवर आले. सोबत पदवीधर मुलगा. मशीनवाल्याचे कोटेशन इंग्रजीत होते. मुलाने ते घडाघडा वाचले, उच्चारही सफाईदार. 'स्विंग ओव्हर बेड' म्हणजे काय, असे आम्ही विचारले तेव्हा मात्र तो बापाकडे पाहू लागला. बापाने सांगितले, "साहेब, केवढ्या व्यासाचा जॉब बेडला न घासता फिरू शकतो, ते माप." पुढे थ्री-जॉ चक, टेपर, नर्लिंग सगळे त्यांनीच समजावले. आणि सही करायची वेळ आली तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले, "मला इंग्रजी येत नाही, पोराला येते." आम्हाला लाज वाटली ती त्या वेळी. त्यांच्या मनात हे कुणी भरवले? आम्हीच, पांढरपेशांनी.

फाउंड्रीतही तेच. साच्यात रस जायची वाट तो रनर. धातू थंड होताना आकसतो, तेव्हा कमी पडलेला रस पुरवणारा साठा तो रायझर. तो चुकीच्या जागी ठेवला तर ओतकामात पोकळी राहते आणि माल भंगारात जातो. ही अक्कल मराठीत चालते, शब्द इंग्रजी असले तरी. असे शब्द घेण्यात कमीपणा कसला? घमेले, बिजागरी, मिस्त्री हे पोर्तुगीजांकडून आलेले आहेत. कारखाना आणि कारागीर फारसी. आमच्यातले जे काही विद्वान रायझरला संस्कृत प्रतिशब्द शोधत बसले आहेत, त्यांनी आधी एकदा भट्टीजवळ उभे राहून यावे.

दिल्लीलाही शेवटी हे कळले म्हणायचे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ व्यवसाय, अवजारांसाठी १५ हजार रुपये, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज. तिच्या इंग्रजी यादीत कारपेंटरपुढे सुतार आणि ब्लॅकस्मिथपुढे लोहार असे छापावे लागले, कारण नुसत्या इंग्रजी नावाने माणूस ओळखीचा होत नाही. सुतार-लोहार मात्र अजून आम्हाला विचारतात, "आमच्यासाठी काही आहे का हो?"

आमच्या मागण्यांचे कागद काढून पाहा. परिपत्रके मराठीत हवीत, उतारे मराठीत हवेत, फलक मराठीत हवेत. घटनेत १९५६ साली आलेल्या ३५० अ आणि ३५० ब या कलमांचे दाखले आम्ही तोंडपाठ देतो. या मागण्या न्याय्यच आहेत, त्या सोडायच्या नाहीत. पण सगळ्या मागण्या टेबलाच्या अलीकडे-पलीकडे! धंदेशिक्षणाची पुस्तके मराठीत मिळावीत, कारागिरांच्या योजनांची माहिती मराठीत मिळावी, यासाठी आम्ही एकदा तरी निवेदन दिले का? ज्यांच्या घामावर या गावाचे नाव फाउंड्री आणि हायड्रॉलिक्ससाठी देशभर झाले, त्यांचे आम्हाला मोर्च्यापुरतेच काम पडते.

तेव्हा येत्या बैठकीत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. पहिला, वर सांगितलेल्या मागण्या निवेदनात घालण्याचा. दुसरा, आमच्या कार्यालयात रविवारी सकाळी मुलांसाठी वर्ग घेण्याचा. त्यात कानस, शेगडा, गुण्या, टॅप, डाय समोर ठेवून त्यांची मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावे शिकवायची. शिकवणारे टर्नर, सुतार, गवंडी असतील आणि त्यांना मानधन द्यायचे, फुकट राबवायचे नाही. ज्यांचा विरोध असेल त्यांनी जरूर यावे. येताना आपल्या इंग्रजी शाळेतल्या मुलालाही आणावे. आम्ही टेबलावर एक रंधा ठेवणार आहोत.