वाट न पाहणाऱ्यांची प्रतीक्षा

टाइप-१ मधुमेहात साखर रात्री ७०च्या खाली उतरली की सारे घर जागे होते. चांगल्या यंत्रांची वाट पाहून थकलेल्या अमेरिकी रुग्ण-पालकांनी २०१३मध्ये ‘वी आर नॉट वेटिंग’ म्हणत सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला घेतले. सेन्सरवरची साखर वाचून पंपातले इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारे ‘अँड्रॉइडएपीएस’ याच चळवळीतले.

गंमत म्हणजे, आता वाट पाहायला लावणारेही तेच. त्याच्या विकासकांपैकी अनेक जण स्वतः मधुमेही किंवा मधुमेही मुलांचे पालक आहेत. तरी तयार ॲप ते देत नाहीत. ते प्रत्येकाने सूचना वाचून स्वतः तयार करायचे, टप्पे ओलांडायचे. मगच स्वयंचलित डोस सुरू होतो. चाचणी आवृत्ती तर जाणकारांपुरतीच. नवा सेन्सर हाती आलेल्या आईला हा छळ वाटतो. तिची घाई रास्त आहे, पण विकासकांची भीती अधिक रास्त. फोटोचे ॲप बिघडले तर फोटो जातो. इथे रुग्ण बेशुद्ध पडतो. अनधिकृत उपकरणांच्या अशाच जोडणीने एका रुग्णाला इन्सुलिनचा अतिरिक्त डोस दिल्यानंतर २०१९मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला होता.

आयफोनवरच्या ‘लूप’ला अधिकृत रूप देण्याचा ‘टाइडपूल’चा प्रकल्प २०१८मध्ये जाहीर झाला. एफडीएची मान्यता मिळाली जानेवारी २०२३मध्ये.