काळोख विकत मिळत नाही

दुर्बीण घेऊन दोन महिने झालेला प्रत्येक मुंबईकर एकच प्रश्न विचारतो: "लाइट पोल्युशनचा फिल्टर कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घेऊ नकोस. त्या पैशात चार वेळा केळव्याला जा. यावर समोरचा हमखास नाराज होतो. त्याला खरेदी करायची असते आणि मी त्याला डहाणू लोकलमध्ये बसवत असतो. म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहितो.

आधी हा फिल्टर करतो काय ते बघू. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे सोडियमचे, त्याआधीचे निळसर पांढरे पाऱ्याचे. हे दिवे ठरावीक तरंगलांबींवरच जास्त उजेड टाकतात. सोडियम ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, पारा ४३६ आणि ५४६ वर. फिल्टर बनवणाऱ्यांनी नेमक्या त्याच पट्ट्या अडवल्या आणि बाकीचं आत सोडलं. हुशारीचं काम होतं, वादच नाही.

पण जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची रस्त्यावरचे दिवे बदलायची योजना सुरू झाली आणि देशभर एक कोटीहून जास्त एलईडी दिवे लागले. वीज वाचली, चांगलंच झालं. मात्र पांढरा एलईडी निळ्यापासून लालपर्यंत सलग उजेड ओततो. सोडियमचा उजेड म्हणजे डाळीतले खडे, निवडून बाजूला काढता येत होते. एलईडीचा उजेड म्हणजे दुधातलं पाणी. राजहंस आणा आता! शिवाय देवयानी दीर्घिका काय किंवा एखादा तारकागुच्छ काय, त्यांचा प्रकाशही ताऱ्यांचाच, म्हणजे सलगच. फिल्टर लावला की आकाश थोडं काळं होतं आणि दीर्घिकाही तेवढीच काळी होते. हाती काय लागलं? शून्य.

आता तुम्ही म्हणाल, मग यूएचसी नावाचा फिल्टर लोक का वापरतात? बरोबर आहे. मृगातला तेजोमेघ (एम ४२), धनु राशीतला लगून, वीणेतला कंकणाकृती तेजोमेघ ही मंडळी वायूची आहेत. ऑक्सिजनचा ४९६ आणि ५०१, हायड्रोजनचा ४८६ नॅनोमीटरचा प्रकाश देतात. अरुंद पट्टीचा फिल्टर तेवढंच आत सोडतो आणि इथे फरक खरोखर दिसतो. पण ही यादी छोटी आहे, आणि तीन-चार इंची दुर्बिणीत आधीच कमी असलेला प्रकाश आणखी कापला जातो. चंद्र, गुरू, शनी यांना तर अंधारच लागत नाही, ते गच्चीवरूनही झकास दिसतात.

खरा मुद्दा तंत्राचा नाहीच. नळाला नीट पाणी येत नाही, आपण प्युरिफायर घेतो. वीज जाते, इन्व्हर्टर घेतो. हवा खराब होते, खोलीत यंत्र बसवतो. प्रश्न सगळ्यांचा आणि उपाय आपल्या घरापुरता, ही आपल्या पिढीची (म्हणजे ईएमआय भरू शकणाऱ्यांची) खोडच झाली आहे. पाण्याबाबतीत निदान घरातला ग्लास तरी स्वच्छ होतो. आकाशाचं तसं नाही. ते दुर्बिणीत शिरायच्या आधीच बिघडलेलं असतं.

मग काय घ्यावं? माझी यादी अशी:

१. काळं जाड कापड. डोक्यावरून आणि आयपीसवरून घ्यायचं, जुन्या काळचे फोटोग्राफर घ्यायचे तसं. बाजूचा उजेड बंद झाला आणि २०-३० मिनिटं गेली की डोळ्याला अंधाराची सवय होते. मधेच व्हॉट्सॲप उघडलंत की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

२. लेन्सचा फाइंडर, ८ बाय ५० चा. लाल ठिपक्याचा फाइंडर दुकानदार कौतुकाने देतो, पण तो साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यावर रोखायचा असतो. अंधेरीच्या गच्चीवर असे तारे दिसतात किती?

३. एक चांगला मधला आयपीस. १२०० मिमी फोकल लांबीच्या आठ इंची दुर्बिणीला १० मिमीचा आयपीस १२० पट मोठं दाखवतो. पट वाढले की मागचं आकाश काळं पडतं, तारे मात्र ठिपकेच राहतात. गोलाकार तारकागुच्छांसाठी हा फिल्टरपेक्षा उत्तम उपाय.

४. जुनी योगा मॅट. दुर्बिणीच्या तोंडाभोवती नळी करून गुंडाळायची, तोंडाच्या रुंदीच्या दीडपट-दुप्पट लांब. किनाऱ्यावर रात्री दव असं धरतं की तासाभरात भिंग आंधळं होतं. आणि ते रुमालाने पुसू नका! वाळू आणि मीठ भिंगावर ओरखडे काढतात.

५. कालनिर्णय. अमावास्येच्या जवळचा शनिवार शोधायला. बहुतेक घरी असतंच. :-)

आता केळव्याबद्दल. केळवे म्हणजे लडाख नव्हे, हे आधीच सांगतो. दक्षिणेला विरार-वसईचा उजेड, उत्तरेला बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्याचा, ईशान्येला पालघर. मे महिन्यात दक्षिणेला जेमतेम २३ अंशांवर येणारा ओमेगा सेंटॉरी विरारच्या उजेडातच शोधावा लागतो. पण पश्चिमेला सगळा समुद्र आहे, तिथे दिवे कोण लावणार? (मच्छीमारांच्या होड्या सोडा.) जानेवारीत रात्री आठच्या सुमारास देवयानी याच बाजूला कलत असते आणि मृग वर चढत असतो. सुरूच्या बागेआड गावातले दिवे लपतील अशी जागा बघायची. आठ इंची दुर्बीण लोकलमध्ये चढवायची हिंमत नसेल तर १० बाय ५० ची द्विनेत्री पुरे. केळवे रोडला उतरा, रिक्षा करा, रात्री मुक्काम करा. पावसाळ्यात अर्थातच नाही.

आणि हे सगळं किती दिवस टिकेल? २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात ५० हजारांहून जास्त लोकनिरीक्षणांवरून (बहुतेक युरोप-अमेरिकेतली) आकाशाचा उजेड वर्षाला सुमारे ९.६ टक्क्यांनी वाढतोय असं निघालं. म्हणजे आठ वर्षांच्या आतच दुप्पट. आपल्या बाजूला वाढवण बंदर येतंय, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय. विकास नको असं मी म्हणत नाही, माझीही नोकरी त्यावरच चालते. पण दिव्याचं तोंड जमिनीकडे असावं की ढगांकडे, यात विकासाचा काय संबंध? जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे तोंड करणारे बसवले. गावं अंधारात बुडाली नाहीत.

केळव्यात समुद्राकडे तोंड करून लावलेले प्रखर दिवे कोणासाठी आहेत? तिथल्या पानमळ्यांना ते नको आहेत, कोळ्यांना नको आहेत. ते आपल्यासाठी आहेत, वीकएंडला येऊन रात्री अकराला बीचवर सेल्फी काढणाऱ्यांसाठी. गिऱ्हाईक आपण आहोत, तेव्हा बोलायचंही आपणच. पुढच्या वेळी रूम बुक करताना एसी आहे का विचाराल, तेव्हा हेही विचारा: "दादा, समुद्राकडचा फोकस रात्री दहानंतर बंद कराल का?" चार जणांनी विचारलं तर मालक हसेल. चाळीस जणांनी विचारलं तर बटण कुठे आहे ते शोधेल.