अनाथालय कोणासाठी?

पुण्यातील एका सुखवस्तू वसाहतीतील मंडळींनी नेपाळात अनाथालय बांधून देण्याचा संकल्प सोडला आहे. गिरिभ्रमणासाठी ही मंडळी हिमालयात जाऊन आली, तेथील अनवाणी मुले पाहून त्यांचे अंतःकरण द्रवले आणि परतल्यावर त्यांनी निधीसमिती स्थापन केली. काठमांडूजवळ ६० मुलांसाठी दुमजली इमारत, असा बेत आहे. त्यांचे पत्रक आमच्याकडेही आले. गुळगुळीत कागदावर एका मुलीचे छायाचित्र आणि त्याखाली देणग्यांचे दरपत्रक: अमुक रकमेला खोलीच्या दारावर देणगीदाराचे नाव, तमुक रकमेला प्रवेशद्वारी संगमरवरी पाटी. या मंडळींच्या हेतूविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. त्यांतील दोघे-तिघे आमच्या परिचयाचे आहेत आणि सज्जन आहेत. म्हणूनच हे लिहावयाचे.

जगात १४ कोटी मुले अनाथ आहेत, असे पत्रकाच्या प्रारंभीच म्हटले आहे. हा आकडा युनिसेफचा, २०१५ सालचा. परंतु आई किंवा वडील यांपैकी एकाचाही मृत्यू झाला असल्यास युनिसेफ त्या मुलाची गणना अनाथांत करते. दोन्ही पालक गमावलेली मुले त्यांत सुमारे दीड कोटी. त्यांतीलही बहुतेक आजीआजोबांच्या किंवा अन्य नातलगांच्या घरी वाढतात. म्हणजे १४ कोटींपैकी साडेबारा कोटी मुलांची आई अथवा बाप हयात आहे. आपल्याकडे बाप गेलेल्या मुलाला लोक हळहळून पोरके म्हणतात खरे. पण त्याच्या आईच्या देखत त्याला अनाथ म्हणून पाहा!

नेपाळचा अनुभव तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. १९९६ ते २००६ या दशकात तेथे माओवादी आणि राजसत्ता यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता. हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यातील आईबाप, आपली मुले बंडखोरांच्या फौजेत ओढली जातील या धास्तीत होते. अशा वेळी दलाल आले. मुलांना काठमांडूच्या चांगल्या शाळेत घालतो, असे सांगून त्यांनी आईबापांकडूनच पैसे उकळले. कित्येकांनी ते जमीन विकून, कर्ज काढून दिले. पुढे आईबाप मेल्याचे खोटे दाखले तयार झाले आणि तीच मुले परदेशी दात्यांपुढे अनाथ म्हणून उभी करण्यात आली. युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे नेपाळच्या बालगृहांतील सुमारे ८५ टक्के मुलांचा किमान एक पालक जिवंत होता. आणि ही बालगृहे होती कोठे? त्या वेळच्या ७५ जिल्ह्यांपैकी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या अवघ्या पाच जिल्ह्यांत त्यांतील सुमारे ९० टक्के एकवटली होती. दारिद्र्य कर्णालीच्या डोंगरांत. अनाथालये मात्र जेथे विमानतळ आहे, हॉटेले आहेत, पोखऱ्याचे सरोवर आहे, गेंडा पाहावयास मिळतो तेथे! मृत्यू जेथे अधिक तेथे अनाथ अधिक, असे आपण समजतो. येथे पर्यटक जेथे अधिक तेथे अनाथ अधिक होते.

कंबोडियातही हेच घडले. २००५ साली तेथे १५३ अनाथालये होती, २०१० साली २६९ झाली. याच काळात खऱ्या अनाथांची संख्या घटत होती आणि संस्थांतील चारपैकी तीन मुलांचे निदान एक पालक जिवंत होते.

यात गूढ काही नाही. इमारत उभी राहिली की तिलाही पोट फुटते. ६० खाटा मांडल्या की ६० मुले हवीत, कारण देणगी दरडोई येते आणि रिकामी खाट म्हणजे तोटा. मग व्यवस्थापक खेड्यापाड्यांत फिरू लागतो. तो दुष्टच असला पाहिजे असे नाही. त्याला पगार घ्यावयाचा आहे, दाते येतील तेव्हा गाणे म्हणणारी मुले दाखवावयाची आहेत. उपासमारीत दिवस काढणाऱ्या आईला तो सांगतो की मुलाला शाळा मिळेल, दोन वेळचे अन्न मिळेल. आई डोळे पुसून मुलाचा हात त्याच्या हाती देते. बापाच्या मृत्यूने जे झाले नव्हते ते आमच्या मंडळींच्या विटांनी होते.

कोणी म्हणेल, मूल घरी उपाशी मरण्यापेक्षा संस्थेत जगलेले काय वाईट? आक्षेप गंभीर आहे. खरोखर कोणीच नसलेली मुले असतात आणि त्यांच्यासाठी आसरा हवाच. आपल्या महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, कारण त्या मुलांना समाज जगूच देत नव्हता. परंतु तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेऊन आपल्या घरात वाढविले, हेही विसरू नये. १९९४ च्या नरसंहारात असंख्य मुलांनी आईबाप गमावलेल्या रवांडानेही २०१२ मध्ये अनाथालये बंद करून मुले कुटुंबांत पाठविण्याचे धोरण स्वीकारले. उरली भूक. केवळ दारिद्र्य हे मुलाला आईबापांपासून दूर करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००९ सालीच मान्य केले आहे. मुलाला खाऊ घालण्याइतका पैसा आपल्याजवळ असेल, तर तो त्याच्या आईच्या हाती का देऊ नये? महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत एकट्या पालकाला मुलासाठी दरमहा अनुदान मिळते. रक्कम तुटपुंजी आणि मिळण्यात अडचणी फार. पण दिशा तीच योग्य. अडचण एवढीच की आईच्या हातावर संगमरवरी पाटी बसविता येत नाही.

आता थोडे कटू बोलणे प्राप्त आहे. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक चतुर्थांशाच्या आसपास रक्कम परदेशी राबणारे नेपाळी मजूर घरी पाठवितात. आखातात, मलेशियात आणि आपल्या देशात ते राबतात. ज्या वसाहतीत ही निधीसमिती भरते तिच्या फाटकावरही एक नेपाळी पहारेकरी उभा असतो. त्याची दोन मुले सुदूर पश्चिम नेपाळात आजीपाशी आहेत. बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुटी नाही, आणि पगारवाढीचा विषय गेल्या सर्वसाधारण सभेत पुढे ढकलला गेला. त्याच्या मुलांना उद्या कोणी काठमांडूच्या त्या इमारतीत नेऊन ठेवले, तर त्यांची छायाचित्रे पत्रकावर अनाथ म्हणूनच छापली जातील. दानाने दात्याला ओळखण्याची सोय होते; श्रमाचे मोल मागणारा मात्र त्याच दात्याला उद्धट वाटतो.

आम्ही समितीला पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या. या ६० मुलांपैकी कितींचे आईबाप हयात आहेत, याची चौकशी कोणी केली? २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने नव्या बालगृहांची नोंदणी थांबविली होती. ती का थांबविली, हे समितीने तेथील अधिकाऱ्यांना विचारले काय? आणि हाच निधी त्या मुलांच्या गावची शाळा, दवाखाना आणि त्यांच्या मातांची मिळकत यांवर खर्च करण्यास देणगीदारांची ना आहे काय? तसे होणार असेल तर आमचीही वर्गणी घ्यावी, असेही कळविले. सहा आठवडे झाले, उत्तर नाही. समितीचे नवे पत्रक तेवढे आले आहे. त्यात दुसऱ्या मजल्याचा नकाशा छापला आहे.