वर्ग पडद्यावर, क्षेत्रकार्य गावात

1936 साली मुंबईत टाटांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले, तेव्हापासून या विषयाची घडी ठरलेली आहे: वर्गात शिकायचे आणि वस्तीत उतरून शिकलेले पडताळायचे. मार्च 2020 च्या टाळेबंदीने ही घडी विस्कटली. व्याख्याने मोबाइलवर आली, क्षेत्रकार्य मात्र फोनवरच्या चौकशीत आणि वेबिनारच्या अहवालांत अडकले. शिक्षकांसमोर चेहऱ्यांऐवजी नावांच्या चौकटी उरल्या. विद्यार्थ्यांची अडचण नुसत्या रेंजची नव्हती. कुणाच्या घरातली मारहाण किंवा कर्जाचा ताण यावर बोलताना गोपनीयता पाळायची असते. एका खोलीच्या घरात, सगळ्यांच्या देखत ती पाळायची कशी? त्यातच, 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात 100 पैकी जेमतेम 15 कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि संगणक तर चार-पाच कुटुंबांकडेच.

म्हणून ऑनलाइन शिक्षण मोडीतच काढावे का? तसे म्हणणे हिंगोलीसारख्या जिल्ह्यावर अन्याय ठरेल. 1999 मध्ये वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 100 पैकी 85 माणसे खेड्यात राहतात. सेनगाव तालुक्यातल्या आशा कार्यकर्तीला किंवा लग्न झालेल्या मुलीला घरदार सोडून नांदेड-तुळजापुरात दोन वर्षे राहणे शक्य नसते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून अशांसाठीच उभे आहे. सिद्धान्त, कायदे, संशोधनपद्धती पडद्यावरून नीट शिकता येतात. माणसाशी कसे बोलावे, कुठे गप्प राहावे, हे मात्र जाणत्याच्या देखरेखीखालीच अंगी बाणते.

घरी राहून शिकणारा विद्यार्थी खरे तर क्षेत्रातच बसलेला असतो. दिवाळी सरता सरता ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळा सुटण्याच्या बेतात असलेली मुले. शिकण्याजोगे काम दारातच आहे, कमी आहे ती शेजारी उभे राहून चूक दाखवणाऱ्या पर्यवेक्षकाची. प्रत्येक तालुक्यात असा माणूस नेमायला पैसा कुठून आणायचा, असे कुणी विचारील. पण न शिकलेल्या हाती पीडित माणूस सोपवण्याची किंमत त्याहून मोठी आहे आणि ती गरिबालाच मोजावी लागते. विद्यापीठांनी व्याख्याने खुशाल ऑनलाइन ठेवावीत. मानधनावरचा स्थानिक पर्यवेक्षक आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य यांच्याशिवाय समाजकार्याची पदवी मात्र देऊ नये. वाचकहो, तुमच्या गावात असा विद्यार्थी असेल, तर त्याला ग्रामपंचायतीचे, अंगणवाडीचे, शाळेचे दार उघडून द्या.