काळ्या सदऱ्यांच्या पलीकडे

ब्रिटनमधील अतिउजव्या राजकारणाची चर्चा सुरू झाली की ‘फॅसिस्ट’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. शिवीने राग व्यक्त होतो, आकलन होत नाही. परक्यांविषयीचा द्वेष म्हणजे फॅसिझम नव्हे. तो त्याचे इंधन आहे. राष्ट्र रसातळाला गेले, त्यास घरातलेच वैरी कारणीभूत आहेत आणि पुनरुत्थानासाठी संसदेस बाजूला सारून एका नेत्याच्या हाती सारी सत्ता सोपवावी, ही त्याची शिकवण. रस्त्यावरील हिंसा हे तिचे साधन.

या कसोटीस ऑस्वाल्ड मोस्ले पुरेपूर उतरतो. आधी हुजूर पक्षाचा खासदार व नंतर मजूर सरकारात मंत्री असलेला हा उमराव, बेकारीवरील त्याची योजना नाकारली गेल्याने १९३० मध्ये बाहेर पडला. १९३२ मध्ये त्याने ‘ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स’ स्थापन केली. १९३४ च्या जानेवारीत ‘डेली मेल’ने त्याच्या काळ्या सदऱ्यांचा जयजयकार केला. मात्र जूनमध्ये ऑलिम्पियातील सभेत विरोधकांना झालेल्या मारहाणीनंतर प्रतिष्ठितांनी हात आखडता घेतला. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी पूर्व लंडनच्या केबल स्ट्रीटवर ज्यू, आयरिश गोदी कामगार व कम्युनिस्टांनी त्याचा मोर्चा अडवला. त्याच वर्षी राजकीय गणवेशावर कायद्याने बंदी आली, तर १९४० मध्ये मोस्ले तुरुंगात गेला. ‘हे आमच्याकडे घडत नाही’ असे ब्रिटिशांना तेव्हापासून वाटू लागले.

गणवेश गेला, तक्रार राहिली. तिला वाचा फोडणारे मात्र फॅसिस्टच होते असे नाही. ब्रिटिश पारपत्र बाळगणाऱ्या केनियातील भारतीयांना दार बंद करणारा कायदा १९६८ मध्ये मजूर सरकारने घाईघाईने केला, तोही एनॉक पॉवेल यांच्या एप्रिलमधील कुप्रसिद्ध भाषणापूर्वी. पॉवेल तर संसदेचे निस्सीम भक्त! हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढले, तरी लंडनचे गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ रस्त्यावर उतरले. १९७९ मध्ये ‘नॅशनल फ्रंट’ने ३०३ उमेदवार उभे केले, सारे पडले. परंतु लोकांना परक्यांच्या लोंढ्याची भीती वाटते, असे मार्गारेट थॅचर १९७८ मध्येच दूरचित्रवाणीवर बोलून चुकल्या होत्या. फ्रंटला मग वेगळे काय विकायचे उरले?

२००९ मध्ये ‘बीएनपी’ने युरोपीय संसदेच्या दोन जागा जिंकल्या खऱ्या, पण वेस्टमिन्स्टरचे दार तिला कधीच उघडले नाही. २०२४ च्या जुलैअखेरीस साउथपोर्टमध्ये तीन मुलींची हत्या झाल्यावर खोट्या अफवेवरून मशिदीवर आणि निर्वासितांच्या हॉटेलांवर जमाव चालून गेले. त्यांना ना गणवेश होता, ना मोस्ले. हातातला मोबाइल पुरेसा ठरला. त्याच महिन्यात ‘रिफॉर्म यूके’ला सुमारे १४ टक्के मते मिळाली. निवडणुकीच्या मार्गाने जाणाऱ्या या पक्षास फॅसिस्ट म्हणणे सोपे आहे, पण ते निदान चुकीचे ठरेल. देश ‘अनोळखी लोकांचे बेट’ होईल, हा इशारा २०२५ च्या मे महिन्यात त्या पक्षाने नव्हे, तर मजूर पक्षाचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी दिला होता. पुढच्याच महिन्यात त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला.