जोडणी झाली, ओळख राहिली

बिनतारी गेम कंट्रोलर संगणकाजवळ नेला की पडद्यावर ‘जोडणी झाली’ असा संदेश झळकतो. तरीही खेळातील गाडी आपोआप डावीकडे ओढली जाते, किंवा एक बटण दाबावे तर भलतेच काम होते. अशा वेळी मुले कंट्रोलरला दोष देतात आणि वडीलधारी मंडळी तो विकणाऱ्याला. पुष्कळदा दोघेही निर्दोष असतात. ब्लूटूथने दोन यंत्रांची गाठ घालून दिली, एवढाच त्या संदेशाचा अर्थ. एकाचे बोलणे दुसऱ्यास समजावून देणारा दुभाषी निराळा. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत या दुभाष्याचे काम उघडपणे पाहता येते. सोनीच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचा ड्रायव्हर खुद्द सोनीनेच लिहून दिला आणि २०२१ मध्ये आलेल्या ५.१२ या आवृत्तीत तो दाखल झाला. माल विकला, त्यासोबत त्याची किल्लीही गिऱ्हाइकाच्या हाती दिली. ही रीत उत्तम. निन्टेन्डोच्या स्विचच्या बाबतीत तसे घडले नाही. कंट्रोलरकडून येणारे संदेश टिपून त्यांचा अर्थ हौशी जाणकारांनी लावला. तो ड्रायव्हर ५.१६ या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये, सर्वांच्या हाती आला. तोवर स्विच बाजारात येऊन जवळजवळ पाच वर्षे लोटली होती.

गाडी डावीकडे का वळते, याचे उत्तर याच कामात सापडते. प्रत्येक कंट्रोलरच्या दांडीचा मध्य किंचित वेगळा असतो. कारखान्यात तो मोजून कंट्रोलरच्याच स्मृतीत नोंदवलेला असतो. ड्रायव्हरने ती नोंद वाचली नाही, तर कोणी हात लावलेला नसतानाही दांडी कलल्याचा संगणकास भास होऊ शकतो. (झिजलेल्या दांडीचे दुखणे अर्थातच वेगळे; त्यावर ड्रायव्हरचा इलाज नाही.) निन्टेन्डोच्या ड्रायव्हरला आणखी एक संयम पाळावा लागतो: ब्लूटूथवरून आज्ञांचा फार वेगाने मारा केल्यास कंट्रोलर जोडणीच सोडून देतो, म्हणून आज्ञा जरा थांबून थांबून पाठवाव्या लागतात.

खरा नाजूक प्रश्न बटणांच्या नावांचा. ‘ए’ हे बटण एक्सबॉक्सवर खाली असते, निन्टेन्डोवर उजवीकडे. सोनीकडे तर अक्षरांऐवजी आकृत्याच. म्हणून लिनक्सने अक्षरे सोडून दिशा धरल्या: खालचे दक्षिण, उजवे पूर्व, वरचे उत्तर, डावे पश्चिम. परंतु एक्सबॉक्सचा ड्रायव्हर या पद्धतीहून जुना. त्याच्या हिशेबी डावीकडचे ‘एक्स’ बटण उत्तरेचे ठरते. चूक उघड दिसते. पण आता ती सुधारली, तर तिच्याच भरवशावर लिहिलेले खेळ बिघडतील. चालत्या गोष्टीत खोडा घालायचा नाही, असा लिनक्सचा कडक दंडक असल्याने ती नोंद तशीच राहिली आहे. नव्याने काम करणाऱ्यांना हे खटकते, तरी दंडक योग्यच म्हणावा लागेल.

दुकानातील जुन्या संगणकावर लिनक्स घालून तो मुलांकडे दिला असेल, तर नवा कंट्रोलर घेण्यापूर्वी लिनक्सची आवृत्ती पाहावी. ड्युअलसेन्ससाठी ५.१२ आणि स्विचसाठी ५.१६ किंवा त्यापुढील आवृत्ती असेल, तर कपाटात पडलेला कंट्रोलर एकदा पुन्हा जोडून पाहण्यासारखा आहे.