धान्यातील पारद आणि आपली जबाबदारी

चैत्र-वैशाखात वर्षाच्या गव्हाची बेगमी करण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक घरांत अद्याप टिकून आहे. त्याच सुमारास काही आयुर्वेदीय औषधी दुकानांतून एका वस्तूची मागणी वाढते. ती कोणत्याही व्याधीवरील औषधी नव्हे. धान्यास कीड लागू नये म्हणून कोठीत ठेवावयाच्या पारदाच्या गोळ्या, हीच ती वस्तू. या विक्रीविषयी आपल्या व्यासपीठावर स्पष्टपणे बोलले जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, धान्यसाठवणीचा प्रश्न वैद्यांना परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक वर्ष उलटलेले शूकधान्य व शमीधान्य प्रशस्त मानले आहे. नवे धान्य गुरू असते. आपणही रुग्णास पथ्य सांगताना 'जुने तांदूळ' असे आवर्जून सांगतो. परंतु धान्य वर्षभर ठेवावयाचे म्हटले की सोंडकिडे, टोके व भुंगे यांच्याशी गाठ पडणारच. जुन्या धान्याचे पथ्य सांगणाऱ्या वैद्याने ते कसे टिकवावे याविषयी मौन बाळगले, तर ती पोकळी गोळ्यांच्या पुडीने भरून निघते.

आता या गोळ्यांच्या कार्याकडे पाहू. पारद सामान्य तापमानालाही बाष्परूप होतो आणि बंद पात्रात ते बाष्प साचून प्रामुख्याने किडीची अंडी नष्ट करते. प्रौढ किड्यांवर त्याचा प्रभाव अल्प असतो. म्हणजे गोळी उपयोगी पडावयाची तर पात्र घट्ट बंद हवे आणि धान्य भरताना त्यात कीड जवळजवळ नसावी. गंमत अशी की, नीट वाळवलेले स्वच्छ धान्य हवाबंद पात्रात काठोकाठ भरले, तर आत उरलेले थोडके किडे प्राणवायू संपल्याने आपोआपच मरतात. पत्र्याच्या घट्ट डब्याचे श्रेय अनेकदा गोळीला मिळते, ते असे.

याउलट अपाय मात्र खरा आहे. श्वासावाटे गेलेल्या पारदबाष्पाचा सुमारे ८० टक्के अंश फुप्फुसांतून शोषला जातो आणि मज्जासंस्था व वृक्क यांना तो बाधक ठरतो. बालके व गर्भिणी यांच्या बाबतीत ही बाधा अधिक चिंतेची. गोळी फुटून गव्हात मिसळली, तर तो गहू न धुताच गिरणीत जातो. जात्याच्या पाळीची उष्णता बाष्पीभवन वाढविणारीच असते. तांदूळ निदान धुतला तरी जातो.

काही बंधू म्हणतील, 'आपण रसौषधे देतो, मग या चिमूटभर पारदाचे भय कशाला?' हा युक्तिवाद आम्हांस सर्वाधिक खटकतो. रसशास्त्राने पारदाचे जे नैसर्गिक दोष सांगितले, त्यांत विष आणि चांचल्य यांची गणना आहे. शोधन, गंधकासह मर्दन, कज्जली, पुढील पाक ही सारी यातायात त्या दोषांच्या परिहारार्थच आहे. खडू वा राख यांसारख्या द्रव्यात घोटून पारदाची चमक दिसेनाशी केली म्हणजे तो बद्ध झाला, असे कोणता रसवैद्य म्हणेल? अशा गोळीतील पारद मुक्तच असतो. तो मुक्त असतो म्हणूनच त्याचे बाष्प होते आणि म्हणूनच गोळी 'चालते'. बद्ध पारदाने किड्याची अंडी मेलीच नसती.

'आमच्या आजीपासून वापरतात, कोणास काही झाले नाही', हा दुसरा आक्षेप. मंदगतीने साचणाऱ्या विषाचे कार्यकारण घरच्या घरी जुळत नाही, एवढेच यावर म्हणता येईल. कंप, विस्मृती, चिडचिड ही लक्षणे घेऊन आलेल्या रुग्णास त्याच्या गव्हाच्या कोठीविषयी आपल्यापैकी कितीजण विचारतात?

व्यवसायाच्या दृष्टीनेही विचार व्हावा. २००४ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळले आणि आपल्या शास्त्राची केवढी नाचक्की झाली, हे वाचकांस स्मरत असेल. त्यानंतर आपण कज्जलीचा व भस्मांचा शास्त्रीय पक्ष मांडत आलो. त्याच मुखाने गव्हासाठी मुक्त पारद विकणे त्या पक्षाला सुरुंग लावणारे आहे. शिवाय कीटकनाशकास १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमान्वये नोंदणी लागते. औषधनिर्मितीचा परवाना तेथे कामास येत नाही. या विक्रीतील नफाही असा कितीसा?

मग ग्राहकास काय सांगावे? धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावर, कोरड्या घट्ट डब्यात भरावे. गव्हातील ओलावा १२ टक्क्यांच्या वर नसावा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटणे ही घरगुती कसोटी पुष्कळ आहे. जुने व नवे धान्य एकत्र करू नये, कारण जुन्या डब्याच्या सांदीतील चार किडे नव्या पोत्याचा नाश करतात. कडधान्याला एरंडेलाचा हलका हात लावण्याची रीत सार्थ आहे, कारण कडधान्यावरील भुंगा अंडी दाण्याच्या पृष्ठभागावर घालतो. सोंडकिडा मात्र गव्हाचा वा तांदळाचा दाणा पोखरून आत अंडे घालतो व छिद्र बुजवून टाकतो. तेथे एरंडेलावर तितका भरवसा ठेवता येत नाही. वेखंड कीड रोखते हे खरे, तथापि त्यातील बीटा-ॲसॅरोन प्रयोगशाळेतील उंदरांत अर्बुदकारक ठरले आहे. त्याचे चूर्ण खाण्याच्या धान्यात मिसळण्याचा सल्ला वनस्पतिज म्हणून बेधडक देऊ नये.

औषधालयांच्या मालकांनी यंदाच्या हंगामापासून या गोळ्या मागविणे थांबवावे आणि संघटनेने तसा ठराव आगामी सर्वसाधारण सभेपुढे आणावा, अशी आमची मागणी आहे. शिल्लक साठा कचऱ्यात वा चुलीत टाकू नये. तो घट्ट झाकणाच्या जाड काचेच्या बरणीत बंद करून, वर ठळक चिठ्ठी लावून, धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत केंद्राकडे सोपवावा. ज्यांच्या घरी कोठीत गोळ्या आहेत, त्यांनी त्या फुटलेल्या नाहीत ना हे आधी पाहावे. फुटल्या असल्यास त्या भोवतालचे धान्य खाण्यात आणू नये.